चैत्य, विहार, गंधकुटी : लेण्यांच्या परिभाषेची प्रस्तावना

अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्याला आपण चैत्यगृह म्हणतो. शाळेच्या पुस्तकात तसे छापलेले असते, गाइड तसेच सांगतो, स्पर्धा परीक्षेला बसणारी मुले तसेच पाठ करतात. ज्याने हे लेणे कोरवून घेतले त्याने मात्र त्याला चैत्यगृह म्हटलेले नाही. शेजारच्या १७ क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत त्याचा संस्कृत लेख आहे. वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातला हा मांडलिक राजा त्या लेखात सांगतो, की या लेण्याच्या पश्चिमेला आपण एक गंधकुटी करवली. ही गंधकुटी म्हणजे १९ क्रमांकाचे लेणे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तोच लेख १७ क्रमांकाच्या लेण्याबद्दल बोलताना त्याच्या आत मुनिराजाचे, म्हणजे बुद्धाचे, चैत्य असल्याचे सांगतो. आपल्या पुस्तकांत हे १७ क्रमांकाचे लेणे विहार म्हणून नोंदलेले आहे. म्हणजे आपण ज्याला चैत्यगृह म्हणतो त्याला करविता गंधकुटी म्हणतो, आणि आपण ज्याला विहार म्हणतो त्याच्या गाभाऱ्यात त्याला चैत्य दिसते.

लेण्यांचा अभ्यास सुरू करू पाहणाऱ्या वाचकासाठी यापेक्षा चांगले प्रवेशद्वार मला सुचत नाही. पुढच्या प्रकरणांत स्थापत्य आहे, मूर्तिशास्त्र आहे, लिपी आहे, राजवंशांचे कालक्रम आहेत. त्या सगळ्यांच्या आधी हे चार-पाच शब्द नीट तपासून घ्यावेत असे मला मनापासून वाटते. कारण हे शब्द आपण इमारतींच्या आकारांना चिकटवले आहेत, आणि ज्या लोकांचे ते शब्द होते ते आकाराकडे पाहून नाव ठेवत नव्हते. तिथे काय पूजले जाते, कोण राहते, कोणासाठी दान दिले आहे, यावरून ते नाव घेत होते.

चैत्यापासून सुरुवात करू. शब्दाच्या मुळाशी ‘चि’ हा धातू आहे : रचणे, ढीग करणे. चिता त्याच धातूची. पाली भाषेत शब्द ‘चेतिय’ असा येतो आणि बुद्धाच्या आधीपासूनच तो वापरात असावा, असे ग्रंथांवरून दिसते. महापरिनिब्बान सुत्तात वैशालीच्या परिसरातली उदेन, गोतमक, सत्तम्ब, बहुपुत्त, सारन्दद, चापाल अशी चेतिये नावानिशी येतात. ही बुद्धाची स्मारके नव्हती. लोक जिथे यक्षाला, वृक्षाला, स्थानिक देवतेला नमस्कार करत होते ती ही ठिकाणे. म्हणजे चैत्य व्हायला इमारत लागत नाही, झाडही पुरते. ज्याच्यापुढे माणूस श्रद्धेने वाकतो ते चैत्य, इतका हा शब्द मुळात मोकळा आहे.

पुढे बौद्ध परंपरेने त्याची वर्गवारी केली. जातककथांच्या पाली ग्रंथात, कालिंगबोधि जातकात, चेतियाचे तीन प्रकार दिले आहेत. सारीरिक, म्हणजे शरीरधातूंचे, अस्थींचे. पारिभोगिक, म्हणजे बुद्धाने वापरलेल्या वस्तूंचे; बोधिवृक्ष त्यातलाच. आणि उद्देसिक, म्हणजे त्याला उद्देशून केलेले. प्रतिमा या प्रकारात धरतात. हे वाचून छत्रपती संभाजीनगरच्या बौद्ध वस्तीतल्या वाचकाला काही नवे वाटणार नाही. चैत्यवंदनेची जी पाली गाथा विहाराविहारांत लहान मुलेही म्हणतात, तिच्यात शरीरधातू, महाबोधी आणि बुद्धरूप ही तिन्ही नावे एकापाठोपाठ येतात आणि त्या सगळ्यांना चेतिय म्हणून वंदन केले जाते. आमच्या पाठ्यपुस्तकांनी चैत्याचा अर्थ ‘स्तूप असलेले प्रार्थनागृह’ इतका आवळला, आणि त्याच वेळी वस्तीतल्या वंदनेत त्याचा पूर्ण अर्थ रोज म्हटला जात राहिला. अभ्यासकांनी ही गाथा अर्थासह ऐकली असती तर बरीच टिपणे वेगळी लिहिली गेली असती, असे माझे ठाम मत आहे.

स्तूप आणि चैत्य यांतला फरक काय, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. याचे एक नेटके उत्तर महासांघिक पंथाच्या विनयात मिळते. चिनी यात्रेकरू फाहियान याला ही संहिता पाटलिपुत्रात मिळाली आणि पाचव्या शतकाच्या आरंभी तिचे चिनी भाषांतर झाले. तीत म्हटले आहे, की अस्थी असतील तर स्तूप, नसतील तर चैत्य. उत्तर सुटसुटीत आहे, पण आपल्या डोंगरांत ते लागू करायला गेलात तर अडखळाल. अजिंठ्याच्या ९ आणि १० क्रमांकांच्या लेण्यांतले स्तूप अखंड कातळातून कोरलेले, भरीव आहेत. त्या व्याख्येप्रमाणे त्यांना स्तूप म्हणता येणार नाही, तरी जगभर त्यांना स्तूपच म्हणतात. उलट कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या डोंगररांगेतल्या पितळखोऱ्याला म. न. देशपांडे यांच्या उत्खननात स्फटिकाच्या, स्तूपाच्या आकाराच्या अस्थिकरंडिका सापडल्या. एका पंथाची व्याख्या म्हणून हा नियम मोलाचा आहे. सगळ्या पंथांना आणि सगळ्या शतकांना लावायचा कायदा म्हणून तो चालत नाही. जुन्या मराठी पुस्तकांत याच वस्तूला ‘दागोबा’ असा तिसरा शब्दही भेटतो. तो धातुगर्भ या अर्थाच्या पाली शब्दावरून सिंहली वाटेने इंग्रज लेखकांच्या लेखणीत आला आणि तिथून आपल्याकडे. आता तो मागे पडला आहे. पडू द्यावा.

मग चैत्य आणि विहार ही सोपी जोडी आली कुठून? शब्द प्राचीन आहेत, पण जोडी म्हणून त्यांना घट्ट बसवले एकोणिसाव्या शतकाने. जेम्स फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस यांचा भारतातल्या लेण्यांवरचा मोठा ग्रंथ १८८० साली निघाला. शेकडो लेणी, बरीचशी चिखलाने आणि झुडपांनी भरलेली, कित्येकांची नुसती मोजमापेही झालेली नव्हती. त्यांना एक चौकट हवी होती. लांबट, कमानदार छताचे, टोकाला स्तूप असलेले दालन ते चैत्य; मधे चौक आणि भोवती खोल्या असल्या की विहार. या चौकटीने फार मोठे काम केले आणि आजही प्राथमिक नोंद करताना ती उपयोगी पडते. तिच्यावर राग धरण्याचे कारण नाही. अडचण पुढे झाली. चौकट वर्णनासाठी होती, ती आपण व्याख्या म्हणून शिकवू लागलो. पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांचे शिलालेख प्रसिद्ध केले. त्या लेखांत दात्यांनी स्वतः वापरलेले शब्द होते. पाठ्यपुस्तकांनी पहिल्या ग्रंथाचे तक्ते घेतले आणि दुसऱ्यातले शब्द तिथेच ठेवले.

ते शब्द पाहा. जुन्नर आणि नाशिकच्या लेखांत ‘चेतियघर’ येते, आणि तिथे ते खरोखर स्तूपाच्या दालनालाच उद्देशून आहे. म्हणजे आजचा ‘चैत्यगृह’ शब्द मनाने रचलेला नव्हे, त्याला इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला आधार आहे. कार्ल्याच्या अतिभव्य दालनाला मात्र वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीच्या लेखात ‘सेलघर’, म्हणजे शैलगृह, म्हटले आहे. नाशिकला क्षत्रप नहपानाची मुलगी दक्षमित्रा हिने एक ‘ओवरक’ दान दिला, म्हणजे भिक्खूची खोली. पंढरपूरच्या किंवा आळंदीच्या देवळाभोवतीच्या ओवऱ्या आपल्याला ठाऊक आहेत. शब्द तोच, अपवरक या संस्कृत शब्दाचा वंशज, फक्त भिक्खूंच्या जागी वारकरी आले. जुन्नरला चिट नावाच्या एका यवनाने, म्हणजे बहुधा ग्रीक वंशाच्या माणसाने, संघाला ‘भोजनमटप’ दिला. पाण्याच्या टाक्याला हे सगळे लेख ‘पोढी’ म्हणतात. तो शब्द मराठीतून नाहीसा झाला याची मला हळहळ वाटते.

वेरूळच्या ५ क्रमांकाच्या लेण्यात उभे राहिले म्हणजे या शब्दांची गरज कळते. लांबच लांब दालन, दोन्ही बाजूंना खांब आणि खोल्या, आणि मधोमध समोरासमोर दोन बुटके दगडी कट्टे दारापासून गाभाऱ्यापर्यंत गेलेले. इथे भिक्खू जेवत होते की पाठांतराला बसत होते, यावर मतभेद आहेत. चैत्य आणि विहार या दोनच कप्प्यांचे कपाट घेऊन इथे आलेला विद्यार्थी ‘विहार’ लिहून पुढे जातो. भोजनमटप हा शब्द ज्याला माहीत आहे तो थांबतो, कट्ट्यांची उंची पाहतो, दुसऱ्या ठिकाणी असे काही आहे का ते शोधतो. कान्हेरीला आहे.

या सगळ्यांना व्यापणारा शब्द म्हणजे ‘लेण’. आपले ‘लेणे’ तेच. संस्कृत लयन, प्राकृत लेण, मराठी लेणे : दोन हजार वर्षांत अर्थ न सोडता चालत आलेला हा शब्द आहे. दागिना या अर्थाचे लेणे वेगळ्या मुळाचे आहे. डोंगराने ल्यालेले अलंकार म्हणून ही लेणी, अशी व्युत्पत्ती गावोगाव सांगतात. ती सुंदर आहे, पण भाषाशास्त्र तिला दुजोरा देत नाही. प्राचीन दात्याने मात्र लेण म्हणताना दागिना मनात आणला नव्हता, विसावण्याची, आसऱ्याची जागा आणली होती. आणि हा शब्द धर्म विचारत नाही. बौद्ध, ब्राह्मणी, जैन, तिन्ही परंपरांची वेरूळची ३४ लेणी आपण एकाच शब्दात सांगतो. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला अष्टविनायकांतला गिरिजात्मज ज्या दालनात बसला आहे ते बौद्ध भिक्खूंचे निवासस्थान होते, आणि डोंगराच्या नावात लेणे तसेच राहिले. शंका असेल तिथे लेणे म्हणावे, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. त्यात अज्ञान झाकलेले नसते. निर्णय राखून ठेवलेला असतो.

आता पुन्हा अजिंठा, कारण खरी श्रीमंती तिथे आहे. १६ क्रमांकाचे लेणे हरिषेणाचा सचिव वराहदेव याने करवले. त्याच्या लेखाचे संपादन वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखसंग्रहात केले. तो ग्रंथ १९६३ साली निघाला आणि अजून या अभ्यासाचा पाया आहे. वराहदेव आपले लेणे यतींच्या निवासासाठी दिल्याचे सांगतो, गवाक्षांचे, वेदिकांचे, सुरकन्यांच्या प्रतिमांचे वर्णन करतो, आणि आत ‘चैत्यमंदिर’ असल्याचे सांगतो. आत गेलात तर स्तूप नाही. मागच्या भिंतीशी सिंहासनावर पाय खाली सोडून बसलेला प्रचंड बुद्ध आहे. वराहदेवाला तो बुद्ध म्हणजे चैत्य. जातकातली उद्देसिक चेतियाची कल्पना इथे दगडात उभी आहे, आणि दात्याच्या शब्दात नोंदलेली आहे.

आणि गंधकुटी? श्रावस्तीच्या जेतवनात बुद्धाच्या स्वतःच्या राहण्याच्या खोलीला हे नाव होते, भक्तांनी वाहिलेल्या फुलांच्या सुगंधावरून पडलेले. पाचव्या शतकात बुद्धाला जाऊन हजार वर्षे होत आली होती. तरी दाता त्याच्यासाठी खोली बांधतो. अमेरिकी अभ्यासक ग्रेगरी शोपेन यांनी १९९० साली वलभीच्या ताम्रपटांसारख्या दानलेखांवरून आणि विनयग्रंथांवरून दाखवले, की मध्ययुगीन भारतीय संघारामांत बुद्ध हा कायमचा रहिवासी आणि मालमत्तेचा मालक मानला जात होता. तिथल्या माणसांच्या लेखी तो अजून राहत होता. हे ध्यानात घेऊन १९ क्रमांकाच्या लेण्यात जा. १० क्रमांकाच्या लेण्यातला स्तूप साधा आहे, गोल, शांत, प्रतिमेविना. १९ मधल्या स्तूपाच्या पुढच्या अंगाला कमान कोरली आहे आणि तिच्यात बुद्ध उभा आहे. घरमालक दारात आला आहे. या दालनाला गंधकुटी का म्हटले, याचे याहून वेगळे स्पष्टीकरण मला लागत नाही. वेरूळच्या १० क्रमांकाच्या लेण्यात आणखी पाऊणदोनशे-दोनशे वर्षांनी हीच कल्पना इतकी वाढली, की पुढ्यातल्या भव्य बुद्धामुळे मागचा स्तूप जवळजवळ प्रभावळ होऊन बसला.

या १० क्रमांकाच्या लेण्याला कोरविणाऱ्यांनी काय म्हटले असेल हे सांगणारा वराहदेवाच्या लेखासारखा लेख वेरूळला नाही. लोकांनी मात्र त्याला नाव दिले. छताच्या दगडी फासळ्या लाकडी तुळयांसारख्या दिसतात म्हणून ती सुताराची झोपडी झाली, आणि आतला बुद्ध विश्वकर्मा म्हणून कारागिरांच्या पूजेत आला. अभ्यासक हे नाव ‘चुकीचे’ म्हणून बाजूला सारतात. मला ते पटत नाही. कातळात लाकूडकामाची नक्कल झाली आहे हे पहिल्यांदा ओळखले ते ज्यांचा हात रंध्यावर होता त्यांनी, आणि त्यांचे नाव हा त्या निरीक्षणाचा पुरावा आहे. शिवाय ज्याच्यापुढे माणूस वाकतो ते चैत्य, या जुन्या अर्थाने पाहिले तर सुतारांनी त्याचे चैत्यपण टिकवलेच.

विहार या शब्दाची कथा वेगळ्या दिशेने जाते. विहरणे म्हणजे राहणेही आणि फिरणेही. बौद्ध परंपरेत राहण्याचा अर्थ रुजला, जैन परंपरेत चालण्याचा. आजही संभाजीनगरच्या जैन मंडळींत ‘महाराजांचा विहार झाला’ म्हटले की मुनी पुढच्या मुक्कामाला पायी निघाले असे समजायचे. बौद्ध विहार म्हणजे थांबण्याची जागा, जैन विहार म्हणजे थांबणे संपल्याची खूण. आणि चैत्य शब्द जैनांनी आपल्या घरात जपला : दिगंबर समाजात लहान मंदिराला, वाड्यातल्या देवघराला चैत्यालय म्हणतात, आणि तिथे स्तूप असण्याचा प्रश्नच नसतो, तीर्थंकराची प्रतिमा असते. वराहदेवाच्या चैत्यमंदिराचा अर्थ ज्याला कळून घ्यायचा आहे त्याने जैन शेजाऱ्याला विचारावे.

बौद्धांच्या विहाराचा अर्थ विसाव्या शतकात पुन्हा बदलला. देहूरोडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली, आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रात वस्तीवस्तीत विहार उभे राहिले. तिथे बहुतेक ठिकाणी भिक्खू राहत नाहीत. मूर्ती असते, वंदना होते, वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो, संध्याकाळी मुले अभ्यासाला बसतात, समाजाच्या बैठका होतात. काही पंडित याला शब्दाचा चुकीचा वापर म्हणतात. त्यांनी संभाजीनगर शहराच्या उत्तरेला, विद्यापीठामागच्या डोंगरातली लेणी पाहावीत. तिथल्या ३ क्रमांकाच्या लेण्यात, जे पुस्तकी भाषेत विहारच आहे, गाभाऱ्यातल्या बुद्धापुढे स्त्री-पुरुष भक्तांचे जवळजवळ माणसाएवढे पुतळे गुडघे टेकून, हात जोडून बसले आहेत. केशरचना, दागिने, वस्त्रे, सगळी संसारी माणसांची. सहाव्या शतकाच्या सुमारास या डोंगरात विहार हा गृहस्थांच्या वंदनेची जागाही होता. वस्तीतल्या विहाराला यापेक्षा जुनी वंशावळ कशाला हवी?

चैत्य शब्दालाही याच काळाने आणखी एक घर दिले. आज मराठी माणसाच्या तोंडी हा शब्द सर्वात जास्त येतो तो दादरच्या चैत्यभूमीच्या नावात. ७ डिसेंबर १९५६ रोजी जिथे बाबासाहेबांच्या पार्थिवाला अग्नी दिला त्या जागी त्यांच्या अस्थींवर हे स्मारक उभे आहे. आकाराने तो स्तूप आहे, अस्थींमुळे सारीरिक चेतिय आहे, आणि चिता व चैत्य यांचा एकच धातू तिथे प्रत्यक्षात एका जागी आलेला आहे. नाव ठेवणाऱ्यांनी कोश पाहिला असेल किंवा नसेल. त्यांना शब्द बरोबर सापडला.

हे सगळे वाचून कोणी विचारील, मग व्याख्या द्या. या पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची आहे, पण तिच्यात प्रत्येक शब्दापुढे एक अर्थ दिलेला नाही. कोणत्या शतकात, कोणत्या लेखात, कोणाच्या तोंडी तो कोणत्या अर्थाने येतो हे दिले आहे. एक विनंतीही आहे. हे शब्द अलीकडे जागांची मालकी सिद्ध करण्यासाठी भराभर फेकले जातात. एखाद्या भिंतीवर चैत्यकमान दिसली की एक निकाल, शिवलिंग दिसले की दुसरा. चैत्यकमान ब्राह्मणी देवळांच्या शिखरांवरही अलंकार म्हणून शेकडोंनी आहे. शब्दाला साक्षीदार म्हणून बोलवायचे तर आधी त्याचे पूर्ण म्हणणे ऐकून घेतले पाहिजे.

या विषयात यायला मोठी तयारी लागत नाही. ब्राह्मी अक्षरे महिन्याभरात ओळखू येतात. प्राकृत दानलेख छोटे असतात, कित्येकदा गाव, नाव आणि ‘दान’ इतकेच, आणि मराठी येणाऱ्याला त्यातले निम्मे शब्द आपलेसे वाटतात. पितळखोऱ्याच्या खांबावर पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाचे, अत्तराच्या व्यापाऱ्याचे, नाव आहे. तिथल्या एका यक्षमूर्तीवर ती कण्हदास सोनाराने घडवल्याचे कोरले आहे. संस्कृत, पाली, इतिहास, स्थापत्य यांपैकी कुठूनही आलात तरी चालेल, आणि यांपैकी कुठूनच न येता केवळ उत्सुकतेने आलात तरी.

सुरुवात शहराजवळच करावी. विद्यापीठामागच्या लेण्यांत ४ क्रमांकाच्या दालनात स्तूप आहे, शेजारच्या ३ मध्ये बुद्ध आणि ते गुडघे टेकलेले भक्त, आणि पलीकडच्या समूहात ७ क्रमांकाच्या लेण्यात अष्टभयांतून तारणारा अवलोकितेश्वर. तिन्ही एका सकाळीत पाहून होतात. वहीत प्रत्येकापुढे चैत्य किंवा विहार लिहिण्याआधी इतकेच टिपावे : पूजा कशाची आहे, खोल्या किती आणि कुठे आहेत, प्रदक्षिणेला वाट आहे का, आणि भिंतीवर एखादे अक्षर आहे का. मग पहिल्या प्रकरणाकडे वळावे.